वेलावरचा मावा आणि माझा पराक्रम

मनू, ये अशी, जवळ बस. तू पुण्यात आणि मी इथं सुलतानपुरात, तेव्हा जवळ कसं बसायचं ते तूच बघ. पण हे वाचताना तरी तो फोन पालथा घालून ठेव. तुझ्यावर मी थोडी रागावलेली आहे. मोठ्यानं नाही, मोठ्यानं रागावण्याचं आपल्या घरातलं काम माझ्या मायनं पुढच्या तीन पिढ्यांपुरतं उरकून ठेवलेलं आहे. परवा तू तुझ्या गॅलरीतल्या जास्वंदीचा फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, "बेबी आजी, शेंड्यावर ही काळी घाण कसली? औषध मारलं." अगं, मारायचंच होतं तर विचारलंस कशाला, आणि विचारलंस तर घटकाभर थांबली का नाहीस? जाऊ दे. मला खरं तर बोलायला तोंड नाही. तुझ्या अर्ध्या वयाची असताना मी याहून मोठा पराक्रम केला होता, आणि त्यापायी तुझी आजी, म्हणजे माझी सुमन वहिनी, या घरातून कायमची जाता जाता राहिली. ती गेली असती तर तुझा बाप झाला नसता, तू झाली नसतीस, आणि ती जास्वंद बिचारी सुखात राहिली असती.

तेव्हा मी सातवीत होते. घर हेच, पण मागचं अंगण आताच्या दुप्पट. कोपऱ्यात न्हाणी, न्हाणीचं पाणी जिकडं वाहत जायचं तिकडं तुरीच्या वाळक्या काड्यांचा मंडप, आणि त्या मंडपावर मायचा वालाचा वेल. थंडी सुरू झाली की जांभळ्या फुलांचे घोस लागायचे, मग शेंगा. सकाळी जाग यायची ती भाकरीच्या थापण्यानं. त्यात बाबांचं खाकरणं, मेहकरहून येणाऱ्या पहिल्या गाडीचा भोंगा, आणि मागच्या अंगणातून माय वेलाशी बोलायची तो आवाज. वेलाशी ती फार गोड बोलायची. आम्हाला पुष्कळदा वाटायचं, आपणही मंडपावर चढून बसावं. शेंगांची भाजी ती तिळाचा कूट घालून करायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर, आणि वरून कच्चं तेल. एवढी भाजी गल्लीत कोणाकडे होत नव्हती. माय वाटीवाटीनं शेजारी द्यायची, आणि वाटी परत आणायला स्वतः जायची, म्हणजे वेलाची तारीफ समोरासमोर ऐकायला मिळे.

मंडपाच्या कडेला एक चपटा दगड होता. त्या दगडाचं काम तुला सांगावं लागेल, तुमच्याकडे तसले दगड नसतात. घरातली बाई महिन्याची बाहेर बसली, की चार दिवस दिवसा तिनं त्या दगडावर बसायचं आणि रात्री पडवीत झोपायचं. तिचं ताट वेगळं, पाणी वरून ओतायचं. लोणचं, पापड, देवघर, कशालाच शिवायचं नाही. आता काही लोक म्हणतात, तेवढाच बायांना आराम. ज्यांना तो आराम कधी करावा लागला नाही, त्यांना तो फार आवडतो. मायचे ते दिवस नुकतेच कायमचे संपले होते आणि माझे सुरू झालेले नव्हते, त्यामुळे तो दगड एकट्या वहिनीचा झाला होता, आणि मायचे नियम पूर्वीपेक्षा कडक झाले होते. वहिनी मेहकरची, दहावीपर्यंत शिकलेली, बोलायची कमी. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि पाळणा हलला नव्हता. गल्लीतल्या बायांनी मोजून ठेवलेलं होतं, आम्हाला मोजायची गरज नव्हती.

त्या वर्षी वेलाचे शेंडे मुरडायला लागले. पानं चिकट झाली. खाली वाळत ठेवलेल्या ताटांवर गुळाच्या पाकाचा हात लागल्यासारखे ठिपके पडायचे, आणि मुंग्यांची रांग काडीवरून वर, वरून खाली, लग्नघरात चालावी तशी. मी जवळून पाहिलं. कोवळ्या देठांना काळे तीळ चिकटवावेत तसे बारीक किडे गच्च बसलेले होते. हलत नव्हते, चावत नव्हते, उडत नव्हते. मला ते फार गरीब वाटले. आणि त्यांच्यामधून फिरत होते दुसरे: नखाएवढे लांब, काळे, पाठीवर नारिंगी डाग, सहा पायांवर सरपटणारी मगरीची पिल्लंच जशी. मी मायला हाक मारली. माय आली, वाकली आणि म्हणाली, "हेच ते राक्षस. पानं खाऊन राह्यले. बेबी, रोज सकाळी येचून काढत जाय."

मी कामाला लागले. वाटीत रॉकेल घ्यायचं, शाळेआधी मंडपाखाली उभं राहायचं आणि एकेक राक्षस बोटानं उचलून वाटीत टाकायचा. लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे वाटोळे भुंगेही दिसायचे. ते देखणे होते, पण राक्षसांच्या शेजारी दिसले म्हणून त्यांनाही वाटीतच जागा दिली. काम झालं की माय वाटीत डोकावायची आणि मला गुळाचा खडा द्यायची. मला आयुष्यात पुढं बऱ्याच गोष्टींसाठी शाबासकी मिळाली, पण इतकी मन लावून केलेली चूक परत कधी जमली नाही. मी जितके राक्षस मारत गेले, तितके ते गरीब तीळ वाढत गेले. देठ दिसेनासे झाले, फुलं गळाली, पानांवर काजळी धरली. मायला वाटलं, राक्षस अजून कुठंतरी लपलेत. मी गुळाच्या आशेनं आणखी लवकर उठायला लागले.

मग एका दुपारी माय मंडपाखाली उभी राहिली आणि तिची नजर वेलावरून दगडावर आली. दगडावर वहिनी होती. तिचा दुसरा दिवस होता.

"सुमन, तू येलाले हात लावला का?"

"नाई, आत्याबाई." आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात.

"मंग सावली पडली असंन."

वहिनी खाली पाहत म्हणाली, "दुपारची सावली माह्या पायापाशीच असते, आत्याबाई. येलापोवत जात नाई."

बोलली असेल ती शांतपणेच, पण गप्प माणसाचं एक वाक्य घरात फार मोठं होतं. माय म्हणाली, "शिकलेली हाय ना, तोंड असंनच." आणि त्या दिवसापासून सगळं एका सुतळीत बांधलं गेलं. वेल वाळला, पाळणा हलला नाही, गाय आटली. वहिनीचा हातच तसा. गाय दरवर्षी त्याच महिन्यात आटायची, पण त्या वर्षी तिलाही कारण मिळालं. माय शेजारणीला सांगायची, "बेबीनं जीव लावला म्हनून येल एवढा तरी टिकला. नाई तं कवाच गेला असता." मी बाजूला उभी राहून ते ऐकायची. चांगलं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

चार दिवसांनी मायनं मेहकरला वहिनीच्या वडिलांना निरोप धाडला, येऊन पोरीला घेऊन जा, आम्ही धाडा म्हणू तेव्हा धाडा. या निरोपाचा अर्थ गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. आमच्यापासून तिसऱ्या घरातली सून अशीच गेली होती, आणि तिला धाडा असं अजून कोणी म्हटलेलं नव्हतं. बाबा म्हणाले, "बायाइच्या गोष्टी." राहिला दादा, म्हणजे तुझा आजोबा. तो गोठ्यात जाऊन बैलाच्या मानेला तेल चोळत बसला. त्या आठवड्यात आमच्या बैलाच्या मानेला जेवढं तेल मिळालं, तेवढं आमच्या कोणाच्या भाजीला मिळालं नाही. माणूस चांगला होता गं, पण त्याला मायसमोर आवाज सापडायचा नाही.

मला वाईट वाटत होतं, पण माझा त्यात काही हात आहे असं वाटत नव्हतं. उलट मी त्याच दिवशी काड्यापेटीत दोन जिवंत राक्षस घालून शाळेत नेले, दाखवायला. आम्हाला शास्त्र शिकवायला इंगळे बाई होत्या. गावातल्याच, बौद्ध वस्तीतल्या, शिकून मास्तरीण झालेल्या. कमरेला पदर खोचून भराभर चालायच्या, आणि त्यांच्या पिशवीत कायम एक मुठीचं भिंग असायचं. मी पेटी उघडली आणि म्हटलं, "बाई, असे म्या शंभरावर मारले."

बाईंनी पेटीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "काऊन मारले?"

"आमचा वाल खाऊन राह्यले."

"खाताना पाह्यलं तुवं?"

नव्हतं पाहिलं. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, मधल्या सुट्टीत घरी जा आणि वेलाचा एक शेंडा तोडून आण, काळ्या तिळांसकट. मी पळत आणला. बाईंनी तो टेबलावर ठेवला, राक्षस त्यावर सोडला आणि भिंग माझ्या हातात दिलं.

मनू, ते मी अजून विसरले नाही. राक्षस तिळापाशी गेला, त्यानं तीळ तोंडात धरला, देठावरून उचकटला, तिळाचे पाय हवेत हलले, आणि बघता बघता त्याचं नुसतं टरफल उरलं. मग दुसरा. मग तिसरा. पानाकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. "हे पिल्लू हाय," बाई म्हणाल्या, "त्या लाल ठिपक्याच्या भुंग्याचं. दोघंही माव्यावरच जगतात. तुमच्या घरचे राखणदार होते ते."

त्या तिळांचं नाव मावा. बाईंनी मग मला त्यांचं सगळं चरित्र सांगितलं, आणि तुझ्या जास्वंदीवरचे वेगळ्या जातीचे असले तरी चरित्र तेच, म्हणून सांगते. माव्याला चावायला दात नाहीत. तोंडाला सुईसारखी बारीक नळी असते, ती तो कोवळ्या देठात, रस वाहतो त्या शिरेपर्यंत खुपसतो आणि बसून राहतो. रस शिरेतूनच जोरानं वर येत असतो, त्यामुळे त्याला ओढायचेही फारसे कष्ट नाहीत. रसात गोड फार आणि अंगी लागणारं कमी, म्हणून पोट भरायला खूप प्यावं लागतं आणि जास्तीचं गोड पाणी मागून टाकावं लागतं. आमच्या ताटांवर पडायचे ते ठिपके तेच. मुंग्यांना ते गोड आवडतं. त्या मिशांनी माव्याची पाठ थोपटतात, तो थेंब सोडतो, त्या पितात, आणि त्या बदल्यात राखणदार भुंग्यांना हुसकावून लावतात. मुंग्या आणि मी एकाच कामावर होतो म्हणायचं. फरक एवढाच, मुंग्यांना आपण काय करतोय ते ठाऊक होतं.

आणि मावा बहुतेक सगळा बायांचाच. बाई म्हणाल्या, आपल्याकडच्या उबेत त्यांना नर लागतच नाही. अंडं नाही, थेट जिवंत पिल्लू, तेही मुलगीच, आणि जन्मतानाच तिच्या पोटात पुढच्या मुली वाढायला लागलेल्या असतात. आठवड्याभरात तीही आई. गर्दी फार झाली किंवा झाड वाळायला लागलं, की पंख असलेल्या मुली जन्मतात आणि वाऱ्यावर दुसऱ्या झाडाला निघून जातात. मी आता विचार करते, मायला असली सून मिळाली असती तर तिनं डोक्यावर घेतली असती. पण नाही, सगळ्या मुलीच म्हटल्यावर तिथंही बोलणी खाल्लीच असती.

भिंग बाईंनी मला घरी न्यायला दिलं. "घरच्यांना दाखव," म्हणाल्या. आणि मी काय केलं? दोन दिवस ते दप्तरात ठेवलं. तोंड उघडलं नाही. राक्षस मारणं बंद केलं एवढंच, आणि मायला सांगितलं, आता दिसत नाहीत. तिनं खूश होऊन गूळ दिला. मी तो खाल्लाही. इतकी वर्षं लोकांसमोर मी ही गोष्ट सांगते तेव्हा हे दोन दिवस गाळते. लिहिताना गाळता येत नाहीत, काय करू.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं वहिनीचे वडील आले. थैलीत पेरू आणले होते. पोरीला परत न्यायला आलेला बाप, पण रिकाम्या हातानं कसं यायचं. ओट्यावर बसले, चहा झाला, पाऊसपाण्याचं बोलणं झालं. वेलाचं कोणी काढलं नाही. वहिनीची पत्र्याची पेटी दाराशी आणून ठेवलेली होती; आदल्या रात्री ती भरताना वहिनीनं कपड्यांखाली काहीतरी सारलेलं मी पाहिलं होतं. ती पेटी पाहिली आणि मी दप्तर उघडलं. मी भिंग हातात घेऊन ओट्यावर गेले.

"माय, येल म्या मारला."

माय हसली. "तू कायले मारतं, बाई. तुवं तं वाचवला."

"ते राक्षस माव्याले खात होते. म्या राक्षस मारले, म्हनून मावा वाढला. वहिनीनं काई नाई केलं."

"काय म्हनते पोरगी?" वहिनीचे वडील म्हणाले.

"शाळेत जाते ना," माय म्हणाली. तेवढ्यानं सगळं समजेल असं तिला वाटलं असावं.

मी शेंडा तोडून आणला आणि तिच्या मांडीवर ठेवला. भिंग पुढं केलं. "कोनाचं हाय हे?" तिनं विचारलं. इंगळे बाईचं, मी म्हटलं. मायनं ते हातात घेतलं, पदरानं दोनदा पुसलं आणि मगच डोळ्याला लावलं. काच स्वच्छ होती. कशासाठी पुसलं ते मी तेव्हा विचारलं नाही, आता न विचारताच कळतं. कोणाच्या हातानं काय बाटतं याचा हिशेब आमच्या घरात फक्त दगडापुरता नव्हता.

पण माय पाहत मात्र राहिली. खूप वेळ. मग ती हळूच म्हणाली, "हे काय करून राह्यलं?"

मी डोकं खुपसून पाहिलं. एका माव्याच्या मागून बारीक फिकट काहीतरी बाहेर येत होतं. "पिल्लू होऊन राह्यलं, माय."

"पायाळू हाय," माय म्हणाली. पायाकडून जन्मणाऱ्या लेकराला पायाळू म्हणतात. गल्लीतली पाच-सात बाळंतपणं तिनं केलेली होती, तिचा आवाजच बदलला. "दाई नाई, कोनी नाई. एकटीच करून राह्यली वो." मग पुन्हा वाकली. "याचा बाप कुठी हाय?"

"बाप नसतो. बाप लागतच नाई याइले."

मायनं भिंग खाली ठेवलं, व्याह्यांकडे पाहिलं आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढला. जणू परक्या पुरुषासमोर घरातलं काहीतरी उघडं पडलं. वहिनीच्या वडिलांनी मिशीत हसू दाबलं आणि पेरू उगाच इकडचा तिकडं केला.

आता तुला वाटेल, माय वहिनीजवळ गेली असेल आणि चुकलं म्हणाली असेल. तू मायला पाहिलेलं नाहीस. ती उठली आणि म्हणाली, "आले तसे जेवून जा, भाऊ. पोरीले मंग न्याल सवडीनं. तुरीच्या शेंगा सोलाच्या पडल्या हायेत आन् घरात मानूस नाई." मग वांगी भाजायला गेली. व्याही भरीत-भाकर जेवले, दुपारच्या गाडीनं एकटेच परतले. पेटी संध्याकाळपर्यंत दाराशीच होती. ती आत न्या असं म्हणणं म्हणजे कबुली झाली असती. दिवेलागणीला दादा गोठ्यातून आला, कोणाशी न बोलता त्यानं ती उचलली आणि खोलीत नेऊन ठेवली. त्यानं आयुष्यात केलेलं सगळ्यात मोठं भाषण तेच.

वेल वाचला नाही. फार उशीर झाला होता. मायनं तो स्वतःच्या हातानं उपटला आणि पुढच्या वर्षी तिथं दोडका लावला. दगडही तिनं उचलला, आणि गोठ्यापाशी नेऊन ठेवला. म्हणजे सून निर्दोष ठरली आणि जागा तेवढी वाईट निघाली. बाहेर बसणं पुढं बरीच वर्षं चाललंच. मलाही चुकलं नाही. राक्षसांचं म्हणशील तर महिन्याभरात माय गल्लीभर सांगत फिरायला लागली, "त्याइले मारू नोका वो, ते राखनदार असतात." जणू तिला हे तिच्या आईनं सांगितलेलं होतं. इंगळे बाईंचं नाव त्यात कधी आलं नाही.

पण मला सांगायचं होतं ते हे नाही. त्याच संध्याकाळी मी आणि वहिनी सुपं घेऊन तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. माझं मन खात होतं. मी तिला सांगितलं की मला दोन दिवस आधीच कळलं होतं आणि मी गप्प बसले होते. ती सोलता सोलता म्हणाली, "मले तं दोन महिने आधी कळलं होतं, बेबी."

"काय?" मी विचारलं.

"दर महिन्याले चार-चार दिवस त्या दगडावर बसून म्या दुसरं काय पाह्यलं असंन? ते काळे एकेक करून माव्याले फस्त करत. सकाळी तू वाटी घेऊन येत होती, आन् त्याइलेच उचलून नेत होती."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"कोनाले सांगू?" ती म्हणाली. तिनं दाणे एका बाजूला केले, टरफलं दुसऱ्या बाजूला. "येलाकडं पाह्यलं म्हनूनच तं बोलनं खात होती. आन् तुले गूळ भेटून राह्यला होता."

एवढं बोलून तिनं सूप झटकलं. मी पुढं पुष्कळ वाचलं, मिळेल ते वाचलं, आणि त्यातून कसंबसं लिहायला शिकले. पण घरात सगळ्यात जास्त जिला दिसत होतं तिला आम्ही बाहेर बसवलं होतं, आणि तिनं ते पेटीत घालून मुकाट्यानं मेहकरला नेलं असतं, हे मला कोणत्या पुस्तकात सापडलं नाही.

आता दादा नाही, माझे यजमान गेल्यावर मीही इथंच परत आले, या घरात आम्ही दोघीच. वहिनीला कमी दिसतं, कमी ऐकू येतं. फोनवर ती तुला जेवलीस का, एवढंच विचारते आणि फोन माझ्याकडे देते, म्हणून तुला वाटत असेल की आजीला बोलायचं नसतं. मी इथं लिहिलंय ते माझ्या बाजूचं आहे. तिची बाजू अजून कोणी लिहिलेली नाही. दीड वर्ष ती या घरात काय काय बघत बसली होती, आणि त्या दिवशी पेटीत कपड्यांखाली काय ठेवलं होतं, मी दोनदा विचारलं, ती म्हणते, "तुले काय सांगू, तुले तं सगळं ठाऊकच असते." मला नाही सांगणार ती. तुला सांगेल. मेहकरपर्यंत गाडी आहे, पुढं आपली बस, अंगणात दोन खाटा टाकून ठेवते. तिच्या उजव्या कानाशी बस, घाई करू नकोस, आणि तिला विचार. फार दिवस लावू नकोस, मनू. या महिन्यातच ये.